अप्पा, जरा हे ऐका!

पंचवटीत जन्मलेल्या माणसाच्या अंगात शिफारस करण्याचा गुण उपजतच असतो. मालेगाव स्टँडवर यात्रेकरू उतरला, की त्याच्या अंगावर ऊन पडण्याआधी शिफारशी पडतात. कुठल्या धर्मशाळेत उतरावं, श्राद्ध कुठल्या गुरुजींकडून करून घ्यावं, सीतागुंफेत शिरताना मान कुठे वाकवावी, परत जाताना चिवडा कुठला न्यावा, हे सगळं सांगायला माणसं तयार असतात. बरं, त्यांतल्या बहुतेकांना त्यात दमडीचाही लाभ नसतो. निव्वळ आनंद! मीही त्याच मातीतला. फरक एवढाच, की मी गाणी सुचवतो. आणि तीही रॉकची.

ज्यांना रॉक म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रॉकला लागणारी सामग्री अशी : विजेवर चालणारी एक-दोन गिटारं, एक खर्जातलं गिटार, एक ड्रमवाला, एक गाणारा आणि एक शेजारी. ह्यातला शेजारी फार महत्त्वाचा. त्याने येऊन दार वाजवल्याशिवाय आवाज बरोबर लागला असं खरा रसिक मानत नाही.

हे वेड मला लागलं ते रेडिओ सिलोनमुळे. काळारामाच्या मागच्या बोळातला आमचा वाडा, माजघरातला ट्रान्झिस्टर आणि त्यातून खरखरत येणारं इंग्रजी गाणं. निम्मे शब्द खरखरीत जायचे आणि उरलेले निम्मे माझ्या इंग्रजीत. पण गाणं पोचायचं. वाड्यातल्या मंडळींचं मत मात्र एकच होतं : "काय हा गोंगाट!" आता पंचवटीतल्या माणसाने गोंगाटाची तक्रार करावी म्हणजे समुद्रातल्या माशाने ओल आली म्हणून कुरकुरावं तसं झालं. आमच्याकडे पहाटे काकडआरती, सकाळी रामकुंडावर मंत्र, बुधवारी गंगेवरच्या बाजारातल्या आरोळ्या, रात्री कीर्तन. रामनवमी झाली की कामदा एकादशीचा रथ. आणि नाशिकचा ढोल तर सांगायलाच नको. तो कानाने ऐकायचा नसतोच, तो बरगड्यांनी ऐकायचा असतो. अशा गावात माझा बिचारा ट्रान्झिस्टर तेवढा गोंगाट करत होता!

ह्या खटल्यातले न्यायाधीश म्हणजे आमचे अप्पा. अप्पा माझे धाकटे काका. नोकरी सरकारी खात्यात, जीव तबल्यात. भजनाला, कीर्तनाला साथीला अप्पा ठरलेले. त्यांनी डग्ग्यावर नुसता तळवा घासला तरी समोरचा बुवा सावरून बसायचा. "ज्या पंचवटीत विष्णु दिगंबरांनी रामनाम आधाराश्रम काढला, तिथे तू हे लावतोस?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्यावर, गाणं दरबारातून उचलून तिकीट लावून चारचौघांपुढे आणणारे पहिले पुढारी पलुस्करच, तेव्हा त्यांचं वाकडं माझ्याशी नसून संस्थानिकांशी असणार, असं उत्तर मला सुचलं होतं. पण ते सुचेपर्यंत मी चाळिशीला आलो होतो.

त्याआधीच मी एक मोहीम उघडली होती. अप्पांना रॉक आवडवून दाखवायचं. त्यासाठी मी गाणी कशी निवडली, ते नीट ऐका. कारण माझी सगळी चूक तिथेच आहे.

पहिली शिफारस बीटल्सची, 'द इनर लाइट'. युक्तिवाद बिनतोड होता. जॉर्ज हॅरिसनने १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्या एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत आपल्याच वादकांकडून ते वाजवून घेतलं. सरोद आपली, बासरी आपली, पखवाज आपला. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पखवाज चांगला आहे. मधे तो साहेब का येतो?"

दुसरी शिफारस लेड झेपेलिनची. १९७२ साली जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन स्वतःचीच दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करून गेले. ती अधिकृतपणे बाजारात यायला २०१५ साल उजाडलं. म्हणजे त्रेचाळीस वर्षं! हे ऐकल्यावर गाणं ऐकायच्या आधीच अप्पांच्या चेहऱ्यावर आपुलकी दिसली. "आमच्या खात्यातून गेलं असणार," ते म्हणाले.

मधल्या काळात पिंक फ्लॉइडचं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' झालं. हे १९७५ चं. सिड बॅरेट हा त्यांचा जुना सोबती मनाने हरवला, त्याच्या आठवणीत केलेलं. ह्यात गाणारा तोंड उघडतो तो साडेआठ मिनिटं उलटून गेल्यावर. आमच्याकडच्या समारंभात प्रमुख पाहुणे येतात तसा. तोवर गिटार चार स्वर टाकतं, थांबतं, पुन्हा तेच चार टाकतं. मला वाटलं, आलापीवर पोसलेला माणूस इथे विरघळणारच. अप्पा शांतपणे ऐकत होते. सातव्या मिनिटाला म्हणाले, "जागा चांगल्या आहेत. पण हा घरच्या माणसाबद्दल बोलतोय. आपण बाहेर थांबू." मी चिडलो. आज वाटतं, त्या गाण्यावर ह्याहून नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची शिफारस मी पोवाडा म्हणून केली. आणि तो आहेच पोवाडा. १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रू गावी फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या एकाने ज्योतीचं पिस्तूल उडवलं आणि अख्खा कॅसिनो जळाला. हे लोक तिथे ध्वनिमुद्रण करायला आले होते. तळ्यावर पसरलेला धूर त्यांनी पाहिला आणि जागा, माणसं, प्रसंग सगळं गाण्यात घातलं. शाहीर दुसरं काय करतो? अप्पा म्हणाले, "शाहीर आग विझवणाऱ्याचं नाव घेतो. लावणाऱ्याचं नाही."

फक्त एकदाच मला निर्विवाद यश मिळालं, आणि तेही आजीकडे. जेथ्रो टल नावाच्या बँडचा इयन अँडरसन बासरी वाजवतो आणि ती वाजवताना एका पायावर उभा राहतो. त्याचं चित्र मी खोलीत लावलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहतो तो चित्राच्या कपाळाला कुंकू! "दाढी वाढवलीय, पण उभा राहायची तऱ्हा तीच," आजी म्हणाली. तिला मी 'बूरे' ऐकवलं. मूळ रचना बाखची, ह्यांनी ती १९६९ मध्ये बासरीवर उचलली. आजीने वातीचा कापूस वळता वळता सगळं ऐकलं. आजतागायत माझ्या कुठल्याही शिफारशीचं इतकं सरळ स्वागत झालेलं नाही.

आता प्रत्यक्ष मैफलींकडे वळतो, कारण रॉक तबकडीवर ऐकणं म्हणजे पंगतीचं जेवण फोटोत पाहणं. नाशकात तेव्हा हे मिळत नव्हतं. (आता गंगापूर धरणाच्या अंगाला द्राक्षमळ्यात सुला फेस्ट भरू लागला, २००८ साली सुरू झाला. पुतण्या मला एकदा घेऊन गेला. माकडटोपी घातलेला मी एकटाच होतो.) आमच्या वेळी काशी एकच, मुंबईचं धोबीतलावावरचं रंगभवन. १९८० मध्ये 'द पोलीस' मुंबईत वाजवून गेले तेव्हा मी बँकेच्या परीक्षेला बसलो होतो. त्या परीक्षेत पास झालो. गाण्याच्या बाबतीत अजून नापास आहे.

१९८६ पासून तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागलं. मी दर वर्षी पंचवटी एक्स्प्रेसने जात असे. ह्या गाडीइतकी सोयीची गाडी नाही. सकाळी निघावं, मुंबईची कामं उरकावीत आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरावं. पण रॉकच्या दृष्टीने तिच्यात एक मूलभूत दोष होता. ती संध्याकाळी सहाच्या सुमारास व्ही. टी.हून सुटायची आणि नावाजलेले बँड साधारण त्याच सुमारास गिटारं पिशवीतून काढायचे. रात्री मुंबईत राहायची सोय नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी दहाला बँकेचा गल्ला उघडायचा असे. परिणामी इतक्या वर्षांत मी रंगभवनात एकाही मोठ्या बँडला शेवटपर्यंत ऐकलं नाही. दुपारच्या उन्हात वाजवणाऱ्या, कुणी नाव न ऐकलेल्या पोरांचा मात्र मी महाराष्ट्रातला एकमेव अधिकारी जाणकार असेन.

त्या अधिकाराने सांगतो. ही पोरं वाजवायची झकास, पण बहुतेक उसनं वाजवायची. गिरगावातला मुलगा माइकसमोर उभा राहिला की त्याचा एकदम लिव्हरपूल व्हायचा. गाणं संपलं की पुन्हा गिरगाव. टाळ्या पडायच्या त्या हुबेहूब वाजवल्याबद्दल, आणि हुबेहूब ही दाद नकलाकाराला ठीक, गाणाऱ्याला नव्हे. म्हणून महेश तिनईकर, उदय बेनेगल ह्यांच्या 'रॉक मशीन'ने स्वतःची गाणी घेऊन १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' काढलं तेव्हा मला बरं वाटलं. इंग्रजी का असेना, पण स्वतःचं.

मराठीत हे होईल का, ह्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच्याही आधी मिळालं होतं, आणि ते नाटकाच्या रंगमंचावर. १९७४ मध्ये अलीक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये नंदू भेंडे जुडास झाला होता. आत्माराम आणि आशा भेंडे ह्यांचा हा मुलगा, गळा अस्सल रॉकचा. तोच पुढे १९७८ मध्ये पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त उभा राहिला. मावशीकडे मुंबईला गेलो असताना मी तो प्रयोग पाहिला. त्या आवाजात मराठी ऐकलं आणि खुर्चीत सरळ होऊन बसलो. आपली भाषा गुळगुळीत नाही म्हणून लोक नाकं मुरडतात. अहो, रॉकला गुळगुळीत चालतच नाही! 'ठ', 'ढ' आणि 'ळ' ही अक्षरं विजेच्या गिटाराचीच वाट पाहत होती असं मला त्या रात्री वाटलं. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेला. लोकांना तो आठवतो 'डिस्को डान्सर'मधल्या कृष्णाच्या गाण्यामुळे. तेही छान आहे, पण माझी शिफारस विचाराल तर त्या नाटकातला नंदू भेंडे. अडचण एवढीच, की रंगमंचावर ऐकलेलं कुणाला उसनं देता येत नाही.

पुढे रुग्णालयं, शाळा, न्यायालयं ह्यांच्या आसपास शांतता क्षेत्रं आखली गेली, रंगभवन त्यात सापडलं आणि तिथला आवाज बंद झाला. मी अप्पांना बातमी सांगितली. वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, "वाजवायची जागा बंद झाली की वाईटच. कुणाची का असेना."

आणि मग करोनाच्या आदल्या वर्षी अप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, चालणं काठीने का होईना आलं, पण उजव्या हाताची बोटं आली नाहीत. तबल्याची जोडी त्यांनी स्वतः माळ्यावर टाकायला लावली. साथीला दुसरा मुलगा जाऊ लागला. मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायचो, जाताना काहीतरी मऊसूत गाणं न्यायचो. एके दिवशी ते म्हणाले, "गाणं नको आणत जाऊ. ठेका ऐकला की हात शोधतो." ते ऐकून मी घरी न जाता घाटावर जाऊन बसलो.

तिथे मला टोनी आयॉमी आठवला. बर्मिंगहॅमचा कारखान्यातला पोरगा. सतरा वर्षांचा असताना, १९६५ मध्ये, पत्र्याच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तीही नोकरीच्या शेवटच्या दिवशी. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. डॉक्टरांनी गिटार विसर म्हणून सांगितलं. तेव्हा कारखान्यातला मुकादम त्याच्या घरी एक तबकडी घेऊन आला. ऐक म्हणाला. पोराचं मन नव्हतं, तरी ऐकली. मग मुकादमाने सांगितलं, की हा वाजवणारा जँगो राइनहार्ट; आगीत ह्याची दोन बोटं निकामी झाली, आणि उरलेल्या बोटांवर हा असा वाजवतो. आयॉमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, बँजोच्या पातळ तारा चढवल्या. पुढे दाबायला सोपं जावं म्हणून तारा सैल सोडल्या. सैल तारेचा स्वर उतरला, जड झाला, घुमू लागला. त्या जड आवाजातून ब्लॅक सबाथ आणि पुढचं सगळं हेवी मेटल निघालं.

मला वाटतं, रॉकच्या इतिहासातली सर्वांत चांगली शिफारस त्या मुकादमाने केली. त्याला स्वतःची आवड सिद्ध करायची नव्हती. समोरच्याला काय हवंय ते त्याने पाहिलं. आणि मी? मी इतकी वर्षं अप्पांची परीक्षा घेत होतो आणि त्यांच्याकडून प्रमाणपत्र मागत होतो. ज्यात सरोद आहे, बासरी आहे, पोवाडा आहे, अशी सोवळ्यातली गाणी निवडून नेत होतो. मला स्वतःला वेड लावणारं गाणं मी त्यांच्यापुढे एकदाही नेलं नव्हतं. लाज वाटायची. "हे आपल्या भजनासारखंच आहे" असं मी जन्मभर सांगत फिरलो. ते खोटं आहे. भजनात माणूस स्वतःला विसरायला बसतो. रॉकमध्ये स्वतःची तक्रार मांडायला उभा राहतो. दोन्हींची गरज माणसाला लागते, पण एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना आयॉमीची गोष्ट सांगितली.

"मग? वाजवलं पुढे?" ते पुढे झुकले.

"ऐका ना."

"नाव काय गाण्याचं?"

गाण्याचं नाव 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह'. साल १९७१. काळारामाच्या मागे बसून म्हाताऱ्या आजारी माणसाला हे नाव सांगायची माझी छाती झाली नाही. "मुलांचं आहे," मी म्हणालो.

"बालगीत?"

"तसंच. अणुबॉम्बच्या सावलीत वाढलेल्या मुलांचं."

गाणं सुरू झालं. ते सुरू होत नाहीच, ते चाल करून येतं. मी अप्पांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं आणि हाताकडे बघत राहिलो. उजवा मांडीवर तसाच होता. डावा खुर्चीच्या हातावर आला, तळवा लाकडावर घासला गेला, आणि त्या घोडदौडीखाली अप्पा डग्गा भरू लागले. नुसता डग्गा. वरच्या बोलांची जागा मोकळी सोडून.

गाणं संपल्यावर म्हणाले, "गाणारा ओरडतो. ते जाऊ दे. हे इतकी वर्षं कुठे ठेवलं होतंस?"

"तुम्हाला आवडणार नाही म्हणून..."

"आजवर आणलंस ते सगळं मला आवडावं म्हणून. हे तुला आवडतं."

"कसं कळलं?"

"साथ करणाऱ्याला कळतं, समोरचा कुणासाठी गातोय ते." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "माळ्यावरून डग्गा काढ. तबला राहू दे."

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सबाथची शेवटची मैफल झाली. ऑझी ऑस्बॉर्नला कंपवात, उभं राहवत नव्हतं, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून तो गायला. मी अप्पांना मोबाइलवर दाखवलं. नव्वदीला टेकलेल्या अप्पांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. "बसून गातोय? म्हणजे शेवटी शास्त्रीयाकडे वळला म्हणायचा."

सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जाऊन सांगितलं. अप्पा थोडा वेळ गप्प बसले.

"आणि तो बोटं तुटलेला?"

"तो आहे."

"मग लाव."

मी लावलं. अप्पांनी डग्गा पुढे ओढला. दुसऱ्या कडव्याला बाहेरून दार वाजलं. शेजारी होता. मी आवाज कमी करायला उठलो, तर अप्पांनी डाव्या हाताचा ठेका न सोडता मानेने मला खाली बसवलं.

"बस," ते म्हणाले. "आत्ता लागलाय आवाज."